पन्नास-पन्नास चालत नाही: एका एसटीटीआर अनुदानातील विद्यापीठाच्या सहभागाचा प्रकरण अभ्यास

२०२२ च्या ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर आलेल्या एका प्रस्तावाच्या दोन पानांवर एकाच व्यक्तीची सही होती. पहिले पान कंपनीचे होते आणि त्यावर प्राध्यापकांनी कंपनीचे अध्यक्ष म्हणून सही केली होती. दुसरे पान विद्यापीठाच्या अंतर्गत मंजुरीचे होते आणि त्यावर त्यांनी प्रमुख संशोधक म्हणून सही केली होती. कंपनी विद्यापीठाला काम देणार, विद्यापीठ ते काम करून कंपनीकडे बिल पाठवणार, आणि बिल पाठवणारा व ते तपासून मंजूर करणारा माणूस एकच, असा तो मामला होता. त्यात लपवाछपवी काहीही नव्हती. प्राध्यापकांनी दोन्ही सह्या मोकळ्या मनाने केल्या होत्या आणि माझ्या शंकेचे त्यांना खरोखर आश्चर्य वाटले.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील एका राज्य विद्यापीठाच्या प्रायोजित संशोधन कार्यालयात मी चौदा वर्षे काम करते. संघराज्य सरकार लहान कंपन्यांना संशोधनासाठी एसबीआयआर आणि एसटीटीआर या योजनांतून अनुदान देते; त्यांतले विद्यापीठाचे उपकरार, म्हणजे कंपनीने विद्यापीठाला दिलेल्या कामाचे करार, माझ्याकडे असतात. या प्रकरणातील कोणाचेही नाव मी देणार नाही, कारण ती माणसे अजून तिथेच काम करतात आणि नावांवाचून समजण्यात काही कमी पडत नाही. हे प्रकरण लिहून काढण्याचे कारण असे की, या अनुदानात कंपनीच्या मालकीचा नियम आणि हितसंबंधांच्या संघर्षाचा नियम एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ओढतात, आणि त्या ओढाताणीची झळ व्हिसावर असलेल्या संशोधकाला आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला लागते. आपल्याकडून इथे शिकायला येणारी पुष्कळ मुले या दोन्ही जागांवर असतात.

योजनेबद्दल आवश्यक तेवढे

एसबीआयआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे मूळ राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये चालवलेल्या प्रायोगिक कार्यक्रमात आहे. २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. ज्या खात्यांचे बाहेरच्या संशोधनावरील अंदाजपत्रक १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्याचा ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, हे तिचे सूत्र असून तो हिस्सा आता ३.२ टक्के आहे. त्या काळी मोठ्या विद्यापीठांनी या कायद्याला विरोध केला होता, कारण हा पैसा आपल्याच ताटातून काढला जाणार हे त्यांना दिसत होते. एसटीटीआर ही दुसरी योजना १९९२ च्या कायद्याने आली आणि तिने विद्यापीठाला थेट भागीदाराची जागा दिली. तिच्यासाठी १०० कोटी डॉलरहून मोठे संशोधन अंदाजपत्रक असलेली खाती ०.४५ टक्के बाजूला ठेवतात.

विद्यापीठाच्या दृष्टीने दोहोंतला फरक मोठा आहे. एसबीआयआरमध्ये विद्यापीठ नसले तरी चालते. असलेच तर कल्पना तपासण्याच्या पहिल्या टप्प्यात साधारणपणे एक तृतीयांशापर्यंत आणि ती विकसित करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात निम्म्यापर्यंत काम बाहेर देता येते, आणि प्रमुख संशोधकाची मुख्य नोकरी कंपनीतच असावी लागते. एसटीटीआरमध्ये विद्यापीठासारखी संशोधन संस्था असलीच पाहिजे. कामाचा किमान ४० टक्के भाग कंपनीने आणि किमान ३० टक्के भाग त्या एका भागीदार संस्थेने करायचा. उरलेला कसाही वाटता येतो. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, या योजनेत प्रमुख संशोधक विद्यापीठातला असला तरी चालवून घेते, आणि नोकरी न सोडता कंपनी काढू पाहणाऱ्या प्राध्यापकांना तिचे एसटीटीआर जवळचे वाटते ते याच सवलतीमुळे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान मात्र एसटीटीआरमध्येही प्रमुख संशोधकाची मुख्य नोकरी कंपनीत असण्याचा आग्रह धरते.

आमचा प्रस्ताव एनआयएचकडे जाणार होता. विषय होता लघवीच्या कॅथेटरवर द्यायचा लेप. रुग्णाच्या शरीरात काही दिवस राहिलेल्या कॅथेटरच्या आतल्या बाजूवर जिवाणूंचा थर साचतो आणि त्यातून संसर्ग होतो. तो थर धरूच नये असा लेप प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत सहा-सात वर्षांच्या मेहनतीने तयार झाला होता. त्यातला निर्णायक भाग त्यांच्या विद्यार्थिनीने आपल्या पीएचडीत केला होता. ती मूळची कोल्हापूरची. डिसेंबर २०२१ मध्ये तिची पीएचडी झाली आणि ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीवर, ती त्याच प्रयोगशाळेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) म्हणून राहिली. कंपनी काढण्याची कल्पना तिची होती आणि कंपनीचे नावही तिनेच ठेवले होते.

टक्केवारीचा तक्ता

प्राध्यापकांनी पाठवलेल्या पहिल्या एक्सेलमध्ये कंपनीचा वाटा ३४ टक्के आणि विद्यापीठाचा ६६ टक्के होता. असे होण्यामागे वाईट हेतू नव्हता. काम जिथे होत आले होते तिथेच ते पुढे होणार असे धरून त्यांनी हिशेब मांडला होता; विद्यार्थ्याचे विद्यावेतन, त्याची फी, सूक्ष्मदर्शकाचे तासागणिक भाडे आणि या सगळ्यावर विद्यापीठाचा पन्नास टक्क्यांहून अधिक ओव्हरहेड, म्हणजे इमारत आणि प्रशासनाचा अप्रत्यक्ष खर्च, चढला की विद्यापीठाचा आकडा फुगतो. एनआयएच ही टक्केवारी ओव्हरहेड आणि कंपनीची नफ्यादाखलची फी धरून एकूण रकमेवर मोजते, ही गोष्ट पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांच्या लक्षात बहुधा येत नाही.

सगळ्यात सोपा उपाय आकडे हलवण्याचा होता आणि तो सुचवलाही गेला. पोस्टडॉकचा पगार कंपनीच्या रकान्यात टाकायचा आणि काम आहे तिथेच चालू ठेवायचे. मी त्याला स्पष्ट नकार दिला. अनुदान मिळताना आणि शेवटचा हप्ता घेण्यापूर्वी कंपनीला लेखी हमी द्यावी लागते की ठरलेल्या वाट्याचे काम तिने स्वतः, स्वतःच्या माणसांकडून केले आहे. खोट्या वेळपत्रकांपायी प्राध्यापकांना न्यायालयात उभे राहावे लागल्याची उदाहरणे या देशात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात अशाच एका सोयीच्या रकान्यापासून झालेली असते. आकडा हलवायचा असेल तर आधी काम हलले पाहिजे.

काम हलवायचे तर कंपनीला जागा हवी. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेचा एक कोपरा कंपनीला भाड्याने द्यावा, अशी विनंती आली. ती नाकारण्याचे पहिले कारण उघड आहे: पगार विद्यापीठाचा, टेबल विद्यापीठाचे आणि नोंदवही कंपनीची असली तर कोणते काम कोणाचे हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसरे कारण फारसे कोणाच्या कानावर नसते. ती इमारत करमुक्त रोख्यांच्या पैशातून उभी राहिली आहे आणि अशा इमारतीचा खासगी धंद्यासाठी होणारा वापर करकायद्याने अगदी मर्यादित ठेवला आहे. शेवटी गावातल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा देणाऱ्या केंद्रात, एक खोली, एक फ्यूम हूड आणि सहा फुटांचे टेबल भाड्याने घेतले गेले. लेप तयार करणे, नळ्या त्यात बुडवणे, वाळवणे आणि निर्जंतुक करणे हे सगळे तिकडे गेले. जिवाणूंवरच्या चाचण्या विद्यापीठात राहिल्या. नव्या तक्त्यात कंपनी ५२, विद्यापीठ ३८ आणि एका बाहेरच्या चाचणी प्रयोगशाळेला १० टक्के असा हिशेब बसला. एकूण मागणी २ लाख ९० हजार डॉलरची होती.

पन्नास-पन्नास

मालकीचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. प्राध्यापक आणि पोस्टडॉक यांनी कंपनीचे भाग निम्मे-निम्मे वाटून घेतले होते, आणि माणूस म्हणून पाहिले तर ती वाटणी न्याय्य होती. नियम मात्र असा आहे की कंपनीची ५० टक्क्यांहून अधिक मालकी आणि तिचे नियंत्रण अमेरिकी नागरिकांकडे किंवा कायम निवासी परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असलेल्यांकडे असले पाहिजे. प्राध्यापक नागरिक आहेत. पोस्टडॉक एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर होती. बरोबर ५० हे ‘५० हून अधिक’ नव्हे.

ती माझ्याकडे आली तेव्हा आम्ही मराठीतच बोललो. “ताई, अर्धा टक्का सरांच्या नावावर केला की झाले ना?” असे तिने विचारले. नियमाच्या दृष्टीने ते पुरेसे झाले असते. मालकीची अट तिला विचित्रही वाटत नव्हती. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये जवळपास याच नावाची एसबीआयआरआय योजना काढली आणि तिथल्या अनुदानांतही कंपनीची बहुतांश मालकी भारतीयांची असावी लागते, हे तिला पुण्यातल्या मैत्रिणींकडून माहीत होते. इथे ती त्या अटीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, एवढाच फरक होता.

पण तो अर्धा टक्का प्राध्यापकांकडे गेला की ते कंपनीचे नियंत्रक मालक होतात. मग तेच विद्यापीठातले प्रमुख संशोधक, तेच पोस्टडॉकचे वरिष्ठ आणि तेच या कामावर प्रबंध करणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे मार्गदर्शक. अनुदानाला पात्र होण्यासाठी जी वाटणी सर्वांत सोपी, हितसंबंधांच्या दृष्टीने तीच सर्वांत वाईट. नियम करणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर बसून लिहिल्या आहेत आणि त्यांची गाठ पडते ती माझ्यासारखीच्या टेबलावर.

यात आणखी एक खाचखळगा होता. सार्वजनिक आरोग्य खात्याचा हितसंबंधांबाबतचा संघराज्य नियम, जो २०११ मध्ये कडक झाला आणि ज्याच्यात खासगी कंपनीतला कितीही लहान भाग जाहीर करावा लागतो, तो एसबीआयआर आणि एसटीटीआरच्या पहिल्या टप्प्याच्या अर्जांना लागू नाही. त्यामुळे “सरकारच विचारत नाही, मग तुम्ही का विचारता” हा प्रश्न आला. उत्तर असे की विद्यापीठाचे स्वतःचे धोरण लागू आहेच, आणि पहिल्या टप्प्यात घडी चुकीची पडली तर दुसऱ्या टप्प्यात, जेव्हा रक्कम कित्येक पटींनी मोठी असते आणि सरकारी नियमही लागू होतो, तेव्हा ती मोडणे फार कठीण जाते. सूट होती म्हणून आम्ही थांबलो असतो तर ती माझी चूक ठरली असती.

विद्यापीठाच्या हितसंबंध तपासणाऱ्या समितीने सहा आठवडे घेतले. त्या काळात सप्टेंबर ५ ची मुदत हुकली आणि प्राध्यापक माझ्यावर नाराज झाले. त्यांची नाराजी मी समजू शकते. खरे पाहता कंपनीची सरकारी संकेतस्थळांवरची नोंदणीही तोवर अर्धवटच होती, तेव्हा ती मुदत तशीही हातची गेलेलीच होती.

तोडगा तिसऱ्या माणसामुळे निघाला. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, अमेरिकी नागरिक, कंपनीत आले. त्यांनी ३० टक्के भाग घेतला, प्राध्यापकांनी स्वतःचा २६ वर आणला आणि पोस्टडॉक ४४ वर आली. दोघा नागरिकांचे मिळून ५६ झाले आणि अट पुरी झाली. अध्यक्षपद अभियंत्याकडे गेले. प्राध्यापकांनी कंपनीच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, कंपनीच्या वतीने विद्यापीठाशी बोलायचे नाही, आणि उपकराराचे नेतृत्व कंपनीत एक पैसाही नसलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेने करायचे, असे ठरले. संपूर्ण प्रकल्पाची प्रमुख संशोधक म्हणून पोस्टडॉकचे नाव गेले. प्रमुख संशोधक नागरिकच असावा अशी अट नाही. तिला इथे कायदेशीरपणे काम करता येणे पुरेसे असते.

सर्वांत मोठी मालक ती राहिली हे खरे, पण कल्पना जिची तिचे सहा टक्के या मांडणीत गेले आणि प्राध्यापकांचे चोवीस. प्राध्यापकांनी तो त्याग खळखळ न करता केला, याची नोंद मी मुद्दाम करते. तिने मात्र नंतर एकदा विचारले की आपले सहा टक्के नेमके कशाची किंमत होते, आणि मला ‘व्हिसाची’ याखेरीज दुसरे उत्तर सुचले नाही.

जानेवारी २०२३ मधल्या अर्जाला अनुदान मिळण्याजोगे गुण पडले नाहीत. परीक्षकांच्या शेऱ्यांचा रोख असा होता की विज्ञान पक्के आहे, पण कंपनी विद्यापीठापासून खरोखर वेगळी आहे का हे कळत नाही. जागा, माणसे आणि सह्या वेगळ्या करण्याची जी कटकट प्राध्यापकांना आमच्या कार्यालयाची वाटत होती, तीच परीक्षकांनी मागितली होती. फेरअर्जासोबत जे एक पानी निवेदन जोडता येते, त्यात इन्क्युबेटरचा भाडेकरार आणि नवी मालकी यांचाच प्रामुख्याने उल्लेख झाला. फेरअर्ज सप्टेंबर २०२३ मध्ये गेला आणि जुलै २०२४ मध्ये काम सुरू झाले. तत्पूर्वी बौद्धिक संपदेच्या वाटपाचा जो करार एसटीटीआरमध्ये कंपनी आणि संस्था यांच्यात व्हावाच लागतो, तोही झाला: जे विद्यापीठाच्या माणसांनी शोधले ते विद्यापीठाचे, जे कंपनीच्या माणसांनी शोधले ते कंपनीचे, आणि विद्यापीठाच्या शोधाचा परवाना आधी मागण्याचा हक्क कंपनीचा. १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला आणि लहान कंपनीला ठेवता येते, त्याच पायावर हा करार उभा असतो.

विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरातली पाने

हे सगळे कागदावर नीट बसले होते. बिघडले ते ज्याचा विचार आम्ही सर्वांत शेवटी केला त्या ठिकाणी.

उपकराराच्या पैशावर एक पीएचडीचा विद्यार्थी काम करत होता. तो इथलाच, शेतकरी घरातला आणि घराण्यात पहिलाच विद्यापीठात आलेला मुलगा. लेप दिलेल्या नळ्यांमधून कृत्रिम लघवी चौदा दिवस वाहती ठेवायची आणि रोज थर मोजायचा, हे त्याचे काम. कंपनीने अर्जात चौदा दिवसांचे उद्दिष्ट लिहिले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या निष्कर्षांत असे दिसले की बहुतेक जिवाणूंपुढे लेप चौदा दिवस टिकतो, पण प्रोटीयस मिराबिलिस या जिवाणूपुढे नवव्या दिवसानंतर टिकत नाही. हा जिवाणू युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो, त्यामुळे क्षारांचे स्फटिक बसतात आणि लेपावर जणू नवा पृष्ठभाग तयार होतो. नववा दिवस, दहावा दिवस, अकरावा: नळीचे आडवे काप त्याने काळ्या कागदावर ओळीने मांडून मला दाखवले, आणि मला त्यातले शास्त्र कळत नसूनही आतला पांढुरका कठडा दर कापागणिक जाड होत गेलेला डोळ्यांनी दिसत होता.

त्याला हे प्रबंधात घालायचे होते आणि निबंधही लिहायचा होता. मे २०२५ मध्ये त्याची तोंडी परीक्षा ठरली होती. मार्गदर्शक या नात्याने प्राध्यापक म्हणाले की आणखी एक संच करून पाहू, मग लिहू. कोणताही चांगला मार्गदर्शक असे म्हणू शकतो. पण या मार्गदर्शकाचा कंपनीत २६ टक्के भाग होता आणि कंपनी एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्याचा अर्ज करणार होती. प्राध्यापकांच्या मनात नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही, आणि खरे म्हणजे ते विद्यार्थ्यालाही सांगता येत नव्हते. यातला अपाय तोच आहे. ज्याच्या सल्ल्यावर चार वर्षे डोळे मिटून विश्वास ठेवला त्याच्या एका साध्या वाक्याकडे संशयाने पाहण्याची वेळ त्याच्यावर आली होती. तो माझ्याकडे आला तेव्हा तक्रार करत नव्हता. प्रश्न विचारायचा तरी कोणाला, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

चौकशीसाठी मी कंपनीची नोंदवही मागवली आणि तिच्यात सप्टेंबरपासूनच्या शनिवारांची पाने त्याच्या हस्ताक्षरात निघाली. नळ्या बुडवायला हात कमी पडत होते, पोस्टडॉकने त्याला मदतीला बोलावले, आणि तो आनंदाने गेला. ते तास कंपनीच्या वेळपत्रकात नव्हते, विद्यापीठाच्याही नव्हते; त्यांचे पैसे कोणी दिले नव्हते आणि कोणी मागितलेही नव्हते. तिला याचे फार वाईट वाटले. प्रयोगशाळेत एकमेकांना मदत करण्याची जी पद्धत असते तीच तिने पुढे चालवली होती, आपण आता मालक आहोत आणि तो आपला नोकर नाही, हे तिच्या ध्यानीच आले नव्हते.

पहिल्या शनिवारी इन्क्युबेटरमध्ये शिरताना त्याने कंपनीच्या गोपनीयतेच्या एका पानावर सही केली होती. ते पान इंटरनेटवरून उतरवलेले होते आणि त्यात एक वाक्य असे होते की इथे केलेल्या शोधाचे हक्क सही करणारा ‘याद्वारे’ कंपनीला देत आहे. या एका शब्दाचे वजन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी स्टॅनफर्ड आणि रोश यांचा खटला सांगितला पाहिजे. मार्क होलोडनी या स्टॅनफर्डच्या संशोधकाने विद्यापीठाला आपले शोध ‘देण्याचे मान्य’ केले होते; १९८९ मध्ये सीटस या कंपनीत काम शिकायला जाताना त्याने सही केलेल्या कागदात मात्र तो ते हक्क तिथल्या तिथे देत असल्याचे शब्द होते. पुढे सीटसचा तो व्यवसाय रोशकडे गेला, आणि जून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले की बे-डोल कायदा शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाला देत नाही. ती आधी शोधकाची असते. त्या निकालानंतर बऱ्याच विद्यापीठांनी आपल्या कराराची भाषा बदलली. आमच्या विद्यापीठानेही बदलली होती आणि या मुलाने प्रवेशाच्या वेळी नव्या भाषेतल्या कागदावर सही केली होती, म्हणून विद्यापीठाचा हक्क आधीचा ठरत होता. तो जुना कागद असता तर एका शनिवारच्या मदतीने विद्यापीठ, कंपनी आणि सरकार या तिघांचे गणित विस्कटले असते.

फेब्रुवारीत तीन गोष्टी झाल्या. कंपनीने ते पान रद्द केल्याचे लेखी दिले आणि शनिवारच्या तासांची मजुरी त्याला दिली; झाल्या गोष्टीची माहिती आम्ही एनआयएचच्या अनुदान अधिकाऱ्याला कळवली. प्रबंध आणि प्रकाशन यांचा अंतिम निर्णय सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे सोपवला. आणि कंपनीला कोणताही मजकूर छापण्यापूर्वी पाहायला ३० दिवस, पेटंटसाठी अर्ज करायचा असल्यास आणखी ३० दिवस, त्याहून एकही दिवस जास्त नाही, असे ठरले. प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते आणि पेटंटच्या दृष्टीने ती शोध जाहीर करण्यात धरली जाते; अमेरिकेत शोधकाला त्यानंतर पेटंट अर्जासाठी वर्षभराची सवड आहे, पण युरोपात नाही. म्हणून तात्पुरता पेटंट अर्ज एप्रिलमध्ये आधी गेला आणि मुलाची परीक्षा मेऐवजी ऑगस्टमध्ये झाली. मधल्या उन्हाळ्याचे विद्यावेतन विभागाने दिले. त्याने मिळालेली एक नोकरी मात्र त्या उशिरापायी गमावली, आणि तिची भरपाई कोणत्याही करारात नव्हती.

नवव्या दिवसाचा निष्कर्ष प्रबंधात छापला गेला. दुसऱ्या टप्प्याच्या अर्जाचे पहिले उद्दिष्ट त्यावरच बेतले आहे: स्फटिक बसू न देणारा दुसरा थर. मला हा अर्ज पहिल्यापेक्षा प्रामाणिक आणि म्हणून बळकट वाटतो. तसे मी प्राध्यापकांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. आधीच लिहायला हवे होते, हे ते स्वतः म्हणाले.

फेब्रुवारी २०२५

याच फेब्रुवारीत पोस्टडॉकच्या ओपीटीची मुदत संपत होती. एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानासाठीची वाढीव दोन वर्षे अशी तीन वर्षे तिने पुरी वापरली होती. त्यातले शेवटचे महिने कंपनीत होते आणि त्यासाठी कंपनीला ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्यांचा कामाचा हक्क तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंद करून अभियंत्याच्या सहीचा प्रशिक्षण आराखडा द्यावा लागला होता. स्वतःच्या आराखड्यावर मालक म्हणून तिला सही करता आली नसती. कंपनीने मार्च २०२४ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत तिचे नाव घातले होते. ते निघाले नाही.

विद्यापीठाला ही सोडत लागू नाही. म्हणून तिला पुन्हा विद्यापीठातच संशोधन शास्त्रज्ञाची जागा देण्यात आली आणि त्या जागेवर एच-१बी मिळाला. विद्यापीठात असा व्हिसा असलेल्या व्यक्तीसाठी दुसरा मालक सोडतीशिवाय अर्धवेळ कामाचा अर्ज करू शकतो. तो कंपनीने केला आणि मंजूर झाला. एनआयएचच्या एसटीटीआरमध्ये प्रमुख संशोधक विद्यापीठात असला तरी चालत असल्याने तिची प्रमुखपदाची जागाही, पूर्वपरवानगीने, टिकली. स्वदेशी परत न जाता आणि कंपनी न सोडता पुढे जाण्याची ही कायदेशीर वाट आहे, आणि एच-१बीच्या सोडतीत नाव न निघालेल्या आपल्या संशोधकांनी ती जरूर माहीत करून घ्यावी.

मात्र तिने विद्यापीठाचा उंबरा ओलांडला त्या दिवशी कंपनीची ४४ टक्क्यांची मालक विद्यापीठाची कर्मचारी झाली. प्राध्यापकांसाठी केलेली सगळी व्यवस्था तिच्यासाठी नव्याने करावी लागली: उपकराराच्या बिलांना तिने हात लावायचा नाही, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करायचे नाही, विद्यापीठातले तास आणि कंपनीतले तास वेगळ्या वह्यांत लिहायचे. तिने तो मसुदा वाचून विचारले की प्रकल्पावर आलेल्या नव्या विद्यार्थिनीचे नाव आणि तिच्या परीक्षेची तारीख यात कुठे आहे. मसुद्यात ती शेवटच्या पानावर होती. आम्ही ती पहिल्या कलमात घेतली.

दुसऱ्या टप्प्याचा अर्ज एप्रिल २०२५ च्या मुदतीत गेला. ३० सप्टेंबर २०२५ रोजी दोन्ही योजनांची कायदेशीर मुदत संसदेने न वाढवल्याने संपली आणि आमचा अर्ज इतरांच्या अर्जांबरोबर तिथेच थांबला. इन्क्युबेटरचे पुढच्या महिन्यांचे भाडे अभियंत्याने स्वतःच्या खिशातून भरले. नव्या विद्यार्थिनीचे विद्यावेतन त्या अनुदानावर अवलंबून ठेवायचे नाही, विभागाने ते वर्षभर आधीच बाजूला काढायचे, हे पत्र मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांकडून सही करून घेतले.